वाळ्याची माळ

बसा.

जमिनीवर बसता आलं तर जमिनीवर, नाही तर खुर्चीत. पाठ जिथे टेकते तिथे टेकू द्या. हात मांडीवर ठेवा, तळवे वर.

श्वास आहे तसाच चालू द्या. तो मोजू नका, लांबवू नका.

आज एका माळेपाशी थांबायचं आहे. लग्नातल्या माळेपाशी. वधू-वर एकमेकांच्या गळ्यात घालतात, ती. या माळेत फूल मात्र एकही नाही.

ही वाळ्याची माळ आहे. गवताच्या मुळांची.

ती अजून हातात आलेली नाही. आधी जागा बघू.

*

इरुंगाट्टुकोट्टै.

चेन्नईच्या पश्चिमेला, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, बेंगळुरूला जाणाऱ्या महामार्गालगतचं हे गाव. गावाला लागून सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे. ह्युंदाईच्या इथल्या कारखान्यातून १९९८ पासून मोटारी बाहेर पडत आहेत. जवळच मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक आहे, १९९० पासूनचा.

मे महिना आहे. इथले लोक ज्यांना अग्निनक्षत्रम म्हणतात, ते कडक उन्हाचे दिवस. समुद्रावरचा वारा इथवर पोचेपर्यंत दुपार कलते.

खिडकी उघडी आहे. ऐका.

महामार्गावरून एक ट्रेलर जातो. त्यावर नव्या गाड्या, दोन मजल्यांत बांधलेल्या. आवाज लांबून येतो, मोठा होतो, पुढे जातो.

जाऊ द्या त्याला.

त्याच्या मागे क्षणभर काहीच नसतं. त्या क्षणात थांबा.

मग पुढचा ट्रेलर येतो. त्यालाही जाऊ द्या.

अशा या गावात एक मराठी घर आहे असं मनात आणा. मोटारींच्या कामाने आलेलं. या धंद्यातली माणसं चाकणहून इथे येतात, इथून तिकडे जातात. ह्युंदाईने आता तळेगाव दाभाड्याचा कारखानाही घेतला आहे. घरात लग्न आहे. मुलगी मराठी, मुलगा इथलाच, तमिळ. दोन्हीकडची माणसं यायची आहेत. घर अजून शांत आहे.

मुलीला एक प्रश्न पडला आहे, आणि तो मला फार खरा वाटतो. माझ्या गळ्यात काय यावं?

लगेच उत्तर शोधू नका. प्रश्न नुसता जवळ असू द्या.

*

आधी फुलांना नमस्कार करू.

याच महामार्गाने चेन्नईत शिरलं की कोयंबेडूचा बाजार लागतो. पहाटे तिथे मल्लीच्या कळ्यांचे ढीग असतात. मल्ली म्हणजे आपला मोगरा. कळी उजाडता उजाडता खुडतात, मिटलेली असताना. दिवसभर ती मिटूनच राहते. संध्याकाळी उमलते.

ती कळी डोळ्यांपुढे आणा. पांढरी. देठाशी हिरवट. बोटांना गार.

तिचा वास हलका असतो. चटकन हवेत उडतो, चटकन आपल्यापर्यंत पोचतो. खोलीच्या दारातच भेटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकळ्यांच्या कडा तपकिरी झालेल्या असतात.

यात कळीचं काही चुकलेलं नाही. तिचं आयुष्य तेवढंच, आणि ते ती पुरतं जगते.

आपण मात्र तिला थकवलं आहे. मुहूर्ताच्या दिवशी फुलांचा भाव चढतो, हार जाड होत जातात, मंडप छतापर्यंत भरतो. दुसऱ्या दिवशी कल्याण मंडपाच्या मागच्या बाजूला सगळं एका ढिगात पडतं. शेवंती, गुलाब, निशिगंध. अजून ओले. त्या ढिगावरून नजर मला काढता येत नाही.

तिथे एक श्वास घ्या.

एक सोडा.

*

समोर केळीचं पान आहे. पानावर माळ ठेवली आहे.

अजून हात लावू नका. नुसतं बघा.

रंग बघा. पिवळसर तपकिरी. काही मुळं फिकी, काही गडद. पानाच्या हिरव्यावर ती आणखीच तांबूस दिसतात.

जाडी बघा. कुठे दोऱ्याएवढी, कुठे केसाएवढी. बारीक मुळांची एक जुडी केली आहे, तिला दोऱ्याचे वेढे दिले आहेत, मग दुसरी जुडी, मग तिसरी. जुडीला जुडी जोडत ही माळ झाली आहे.

सरळ मूळ एकही सापडत नाही. प्रत्येकाला कुठे ना कुठे बाक आहे. मातीत एखादा खडा आडवा आला असेल, तिथे ते वळलं असेल.

एकाच मुळावर नजर ठेवा. त्याच्या बाकावरून नजर हळूहळू न्या. टोकापर्यंत.

परत फिरा.

तमिळनाडूत अशा माळा देवाला घालतात, पाहुण्यांचा मान करताना घालतात. लग्नात मात्र बहुतेक घरी फुलंच असतात. तेव्हा ही माळ इथे थोडी नवखी आहे. नवखेपणा राहू द्या तिचा.

आता हात पुढे करा. माळ तळव्यांवर घ्या.

हलकी आहे. फुलांच्या हारात पाणी असतं, त्याचा भार मानेला कळतो. ही कोरडी आहे.

बोटांत एक जुडी धरा. हळूच दाबा. खरखर लागते. कानाशी न्या. बारीक आवाज येतो.

नाकाशी आणा.

वास जवळजवळ नाहीच. थोडी धूळ, थोडं वाळलेलं लाकूड.

हिरमुसू नका. थांबा.

*

शेजारी तांब्यात पाणी आहे. बोटं बुडवा. गार लागतं तेवढं लागू द्या.

पाणी माळेवर शिंपडा. एकदा. दोनदा.

आणि काही करू नका.

थेंब मुळावर टेकतो. लगेच आत जात नाही. वरच राहतो, जरा थरथरतो. मग दिसेनासा होतो. जिथे गेला तिथे मूळ गडद झालेलं असतं.

ते गडद होणं बघा. त्याला वेळ लागतो. तो त्याला द्या.

आता वास येतो.

आधी मातीचा. उन्हाळ्यात आजोळच्या अंगणात संध्याकाळी सडा घातला की यायचा, तसा. मग हिरवा, कच्च्या गवताचा. आणि त्याच्याही खाली, उशिराने, लाकडाचा. किंचित धुराचा.

तो लांब जात नाही. आपल्यालाच जवळ जावं लागतं. मान खाली घालावी लागते.

मान खाली घाला.

वाळ्याचं तेल मुळाच्या आतल्या पेशींत असतं आणि त्याचे घटक जड असतात. सावकाश उडतात. म्हणून अत्तर करणारे वाळा तळाला ठेवतात. वरचे सगळे वास निघून गेले तरी हा कातडीवर रेंगाळतो. भट्टीवरही तो सहजी हाती लागत नाही. मुळं तासन्‌तास वाफेवर ठेवावी लागतात, तेव्हा कुठे तेल सुटतं.

माळ वाळेल. वास मिटेल. पुन्हा पाणी शिंपडलं की पुन्हा येईल.

या एका गोष्टीपाशी थोडा वेळ बसा. वाळतो. ओला होतो. येतो.

वाळतो.

ओला होतो.

येतो.

*

डोळे मिटा. आता या मुळाबरोबर खाली जाऊ.

वर शेत आहे. कडलूर जिल्ह्यात, समुद्राजवळ, रेताड जमिनीत वाळा लावतात. वरून बघितलं तर नुसतं उंच गवत. ज्वारी आणि ऊस ज्या कुळातले, त्याच कुळातलं. पातं लांब, कडेला जरा खरबरीत. वाऱ्याबरोबर सळसळतं.

तिथून खाली उतरा.

वाळू कोरडी आहे. मग दमट. मग ओली. प्रकाश संपतो. आवाज संपतात.

गवतांची मुळं बहुधा वरच्या थरात पसरतात. हे मूळ पसरत नाही. सरळ खाली जातं. भुसभुशीत जमिनीत दोन, तीन मीटर. आपल्या जुन्या मापात एक-दीड पुरुष खोल. विहिरीची खोली ज्या मापाने सांगतात, त्या मापाने एका गवताची खोली सांगावी लागते.

तिथे थांबा. खाली. अंधारात.

श्वास आत घेताना खाली जा. सोडताना तिथेच राहा.

म्हैसूरकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळ्याची ओळ लावत आले आहेत. पावसाचं पाणी तिला थटतं, मंदावतं, माती मागे ठेवून पुढे जातं. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या माणसांनी ते पाहिलं आणि मग देशोदेशी उतारांवर या गवताच्या ओळी लावल्या गेल्या. जमीन वाहून जाऊ नये म्हणून.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यापाशी मला तुम्हाला आणायचं होतं.

दक्षिणेत लागवडीला वापरतात तो वाळा क्वचित फुलतो. फुलला तरी बी जवळजवळ धरत नाही. शेतकरी त्याचे फुटवे काढून लावतात. म्हणजे हे असं झाड आहे, ज्याच्या आयुष्यात फूल बहुधा येतच नाही. त्याचा सगळा सुगंध जमिनीखाली आहे, जिथे तो कुणालाच येत नाही.

वर्ष जातं. कधी दीड वर्ष. मग कुणीतरी खणायला लागतं.

तो क्षण बघा. वाळू सरकते. उजेड आत येतो. मूळ पहिल्यांदा हवेत येतं.

धुतात. सावलीत वाळवतात. जुड्या बांधतात.

डोळे सावकाश उघडा. माळ अजून तळव्यांवर आहे.

*

हा वास तुम्ही आधी कुठे घेतला आहे?

विचार करू नका. वासालाच विचारा.

कदाचित माठ दिसेल. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तिवईवर, भोवती ओलं फडकं गुंडाळलेला. तळाशी मलमलीच्या पुरचुंडीत वाळा. झाकणीवर उपडं ठेवलेलं भांडं. पाणी पिताना भांड्याच्या काठाशी वास आधी येतो, पाणी मागून.

कदाचित वाळ्याचा पडदा दिसेल. विदर्भातल्या दुपारी, खिडकीला लावलेला, त्यावर पाणी मारणारं कुणीतरी. कदाचित दिवाळीच्या पहाटेचं उटणं. कदाचित उन्हातून आल्यावर दिलेलं हिरवं सरबत.

कुणाचा तरी हात दिसेल. माठात पुरचुंडी सोडणारा. त्या हातापाशी थांबा. बांगडी कसली होती? नखांत पीठ होतं का?

इथे, इरुंगाट्टुकोट्टैतही, उन्हाळ्यात मातीच्या घड्यात वाळा टाकतात. मुलाच्या घरीही असा एक हात असेल. त्याला ओळखणारी माणसं वेगळी, भाषा वेगळी. घड्यातलं पाणी पिताना येणारा वास एकच.

लग्न आपलं असावं, इतरांसारखं नसावं, असं हल्ली पुष्कळांना वाटतं. चांगलंच आहे ते वाटणं. पण आपलं म्हणजे काय, हे सजावटीच्या चित्रांमधून निवडता येत नाही असं मला वाटतं. ते कुणीतरी आधीच माठात टाकून ठेवलेलं असतं.

*

या गावापासून थोडं पुढे गेलं की श्रीपेरुंबुदूर. रामानुजाचार्यांचं जन्मगाव, परंपरा १०१७ हे साल सांगते. रामानुजांना आंडाळची गीतं अतिशय प्रिय होती. बारा आळ्वारांमध्ये, म्हणजे तमिळ वैष्णव संतकवींमध्ये, आंडाळ ही एकटी स्त्री.

तिची एक गोष्ट आहे. ती माळेचीच आहे. ऐका.

श्रीविल्लिपुत्तूर. वडील रोज देवासाठी माळ गुंफतात. मुलगी लहान आहे. वडील बाहेर गेले की ती माळ उचलते, स्वतःच्या गळ्यात घालते आणि विहिरीत डोकावते. पाण्यात आपलं रूप बघते. देवाला मी शोभेन का, एवढंच बघते. मग माळ काढून होती तशी ठेवते.

एक दिवस माळेत केस सापडतो.

वडील ती माळ बाजूला ठेवतात, नवी गुंफतात. देव मात्र जुनीच मागतो. तिने घातलेली. तिच्या अंगाचा स्पर्श झालेली.

आजही आंडाळच्या मूर्तीने धारण केलेली माळ दर वर्षी श्रीविल्लिपुत्तूरहून तिरुमलाला ब्रह्मोत्सवासाठी जाते.

विहिरीच्या काठावर वाकलेली ती मुलगी डोळ्यांपुढे ठेवा. खाली पाणी. पाण्यात चेहरा. गळ्यात माळ. केसाची एक बट सुटून माळेत अडकते आहे, आणि तिला ते कळलेलं नाही.

बटीकडे बघा.

तुमच्या हातातली माळ अजून कुणी घातलेली नाही. लग्नाआधीच्या एखाद्या दुपारी, घरात कुणी नसताना, मुलीने ती गळ्यात घालून बघावी. आरशात. नाही तर बादलीभर पाण्यात. एखादा केस राहिला तर राहू द्यावा.

*

हे सगळं परकं वाटतं का? फुलांवाचून लग्न?

आपल्याकडे जरा वळून बघा. मुंडावळ्या मोत्यांच्या असतात. बाशिंग कागदाचं, बेगडाचं. त्याला भेंडाची फुलं लावत. भेंड म्हणजे पाणथळीत उगवणाऱ्या एका झाडाचा पांढरा, हलका गाभा. तंजावरचे कारागीर त्याच गाभ्यातून देवळं आणि मूर्ती कोरतात, त्याला नेट्टी म्हणतात. २०२० साली त्या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंजावरात सतराव्या शतकात व्यंकोजीराजे आले आणि त्यांच्या मागोमाग आलेली मराठी अजूनही तमिळ मुलखातल्या काही घरांत बोलली जाते. व्यंकोजीराजांना तिथे येऊन सुमारे साडेतीनशे वर्षं झाली.

गांधीजींच्या वळणाच्या लग्नांत सुताचे हार असत. स्वतः कातलेल्या सुताचे. पांढरे, साधे.

आणि हळकुंड. मराठी लग्नात वधू-वरांच्या मनगटाला कंकण बांधतात, त्यात हळकुंड असतं. तमिळ लग्नात हळदीने पिवळ्या केलेल्या दोऱ्यात हळकुंड ओवून तोच ताली म्हणून बांधण्याची रीत आहे. हळकुंडही जमिनीखालचंच. दोन्ही घरांनी आपल्या लग्नाच्या गाठीत मातीतून खणून काढलेली वस्तू आधीच ठेवली आहे.

मनगटाकडे बघा. तिथे पिवळा दोरा आहे असं समजा. दोऱ्यात हळकुंड. कठीण, सुरकुतलेलं.

आता गळ्याकडे या.

*

ही माळ विकत मिळते. तरी मी म्हणेन, घरी करा.

तमिळनाडूत गावोगावी देशी औषधांची दुकानं असतात, नाट्टु मरुंदु कडै. आपल्याकडे काष्ठौषधींची दुकानं असतात तशी. तिथे वाळ्याच्या सुट्या जुड्या मागा. रंग दिलेल्या नकोत, वरून अत्तर मारलेल्या नकोत. हातात घेऊन ओलं बोट फिरवा, वास घ्या, मग ठरवा.

केळवणाचा दिवस निवडा. जेवणं झाली आहेत. पानं उचलली आहेत. सतरंजीवर मोठी परात, परातीत पाणी, पाण्यात वाळा भिजत पडला आहे. कोरडं मूळ वाकवलं तर मोडतं. भिजलेलं बोटाभोवती वळतं.

सगळे परातीभोवती बसले आहेत. तुम्हीही बसा.

परातीत हात घाला. मूठभर मुळं उचला. पाणी निथळू द्या. टप. टप. थांबेपर्यंत ऐका.

मुळं एका दिशेला लावा. करंगळीएवढी जाड जुडी करा. दोऱ्याचा वेढा द्या. एक. दोन. तीन.

दोरा कुठला? आजीच्या जुन्या सुती लुगड्यातून उसवलेला. मुलाच्या आजीच्या घरी जुनी सुती पुडवै, म्हणजे साडी, असेलच, तिच्यातलाही घ्या. दोन्ही रंग विटलेले. ते एकत्र पिळा.

प्रत्येकाने एकच जुडी बांधायची.

बघा, कोण कसं बांधतं. आत्याचे वेढे सारखे, मोजलेले. मामाची बोटं जाड, त्याला दोरा सापडत नाही. लहान भाचीची जुडी वाकडी झाली आहे, आणि ती कुणालाही हात लावू देत नाही. मुलाची आई शेजारी येऊन बसते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. एक मुळं धरते, एक दोरा फिरवते.

बोलू नका. नुसते हात बघा.

ओले हात. वाळ्याचा वास लागलेले हात. जेवणाच्या वासातून तो हळूहळू वर येतो.

आता परातीत एक मूठ उरली आहे.

ती जुडी जो आज नाही त्याच्यासाठी बांधायची आहे. प्रत्येक घरात असं कुणीतरी असतं. लग्न ठरल्याचं ज्याला पहिल्यांदा सांगितलं असतं, असं.

ती मूठ तुम्ही उचला.

नाव मनात घ्या. मोठ्याने नको.

मुळं एका दिशेला लावा. सावकाश. पहिला वेढा द्या. तो चेहरा येईल तसा येऊ द्या. हसरा आला तर हसरा. आजारपणातला आला तर तोही. दुसरा वेढा. हात थांबले तर थांबू द्या. घाई करणारं इथे कुणी नाही.

तिसरा वेढा.

जुडी तळव्यावर ठेवा. तिचं वजन बघा. ओली आहे, म्हणून ती मघाच्या कोरड्या जुडीपेक्षा जड आहे.

तशीच धरून ठेवा.

श्वास.

आणखी एक.

मग ती इतरांच्या जुड्यांमध्ये ठेवा. कुठे ठेवायची ते ठरवा: टोकाला, मध्ये, की माळ छातीवर जिथे टेकते तिथे.

*

लग्नाची सकाळ.

अंतरपाट धरला आहे. त्याच्या अलीकडे तुम्ही, पलीकडे दुसरं कुणीतरी. हातात माळ. सकाळीच तिच्यावर पाणी शिंपडलं आहे.

मंगलाष्टकं चालू आहेत. ताल वाढतो. कुणाचं तरी मूल रडतं. मागे नादस्वरमवाले वाट बघत आहेत. अक्षता मुठीत गरम होत आहेत.

या सगळ्या आवाजात तुम्ही नाकापाशी या.

अंतरपाटाला डोळ्यांपुरतंच अडवता येतं. पलीकडच्या हातातही अशीच माळ आहे, तीही ओली आहे. कापडातून वास येतो. चेहरा दिसायचा आहे. वास आधी आला आहे.

तिथे थांबा. मंगलाष्टक संपेपर्यंत वेळ आहे.

पलीकडचा माणूस श्वास घेतो आहे. तुम्ही घेता आहात. मध्ये एक कापड.

कापड खाली येतं.

तमिळ घरांत कित्येक ठिकाणी माळांची अदलाबदल तीन वेळा होते. या घरात दोन्हीकडचं ठेवायचं ठरलं आहे. माळ जाते, येते. जाते, येते. तिसऱ्यांदा राहते.

मानेला ओलावा लागतो. मुळांची खरखर लागते. किंचित टोचते. टोचू द्या. माळ गळ्यात आहे हे त्यामुळे विसरता येत नाही.

मान थोडी खाली घ्या. सगळ्यांच्या जुड्या आहेत तिथे. वाकडी भाचीची. मामाची. ती एक, छातीपाशी.

*

आणि मग दिवस संपतो. माणसं बसमध्ये चढतात, विमानतळाकडे जातात. फुलं असती तर ती आता टाकायची वेळ होती.

माळ वाळवायची. उन्हात नको, सावलीत, वाऱ्यावर. पुरती वाळली की सुती कापडात गुंडाळून कपाटात, पैठणी आणि कांजीवरमच्या मध्ये ठेवायची. कपड्यांमध्ये वाळा ठेवण्याची रीत जुनी आहे.

पुढचा उन्हाळा येईल. इरुंगाट्टुकोट्टैत, नाही तर तळेगावात, बदली जिथे नेईल तिथे. नवा माठ आणा. तो दोन दिवस पाण्याने भरून ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला. तिसऱ्या दिवशी कपाट उघडा. माळेतली एक जुडी सोडवा.

एकच.

दोरा बाजूला ठेवा. मुळं नीट धुवा, पुन्हा पुन्हा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मलमलीत बांधा. माठात सोडा. रात्रभर.

सकाळी भांडं भरा. दोघं बसा. आज कुणाची जुडी आहे, ते एकाने सांगावं. भाचीची, किंवा आत्याची. मग पाणी प्या. सावकाश.

असं दर वर्षी. माळ आखूड होत जाईल. होऊ द्या.

यासाठी केळवणाच्या दिवशी दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोऱ्याला निरगाठ मारू नका, सुरगाठ मारा, म्हणजे वर्षांनंतरही एका ओढीत सुटेल. आणि एका कागदावर जुड्यांचा क्रम लिहून ठेवा, कुठली कुणाची ते. वाळल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात. कागद माळेबरोबर ठेवा, दोन्ही लिप्यांत लिहिलेला, म्हणजे सासूबाईंनाही वाचता येईल.